पळसाचा पुतळा जाळला नाही

पेन माझ्या हातात होतं आणि माझे जेठ, वारलेल्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणत होते, "कर वं सही. एकदाची सुटशील." नागपूरच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली आम्ही उभे होतो. माझा एकुलता एक मुलगा मधुकर कुवेतला टाकीचं वेल्डिंग करताना वरून पडून गेला, त्याला अकरा दिवस झाले होते. तो तिथल्या शवागारात होता. ज्या एजंटानं त्याला नोकरीवर पाठवलं होतं त्याच्या माणसानं एक इंग्रजी कागद आणला होता. आईची सही झाली की सगळं मार्गी लागते, एवढंच तो म्हणाला. सुनेचा अंगठा घरी घेऊन झाला होता. मी चौथी शिकलेली. मराठी वाचते, सही करते, इंग्रजी म्हणजे माझ्यासाठी भिंत. माझ्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं आणि पेन थांबलं. शाई संपली होती.

बाजूला एक म्हातारा टायपिंगवाला मशीन मांडून बसला होता. एजंटाच्या माणसानं त्याला पेन मागितलं. तो पेन घेऊन उठून आला, सवयीनं त्यानं कागदावर नजर फिरवली आणि पेन हातातच ठेवलं.

"मावशी, हे तं तुमी पोराले तिकडंच पुरायची परवानगी देऊन राह्यल्या."

"तुले कोणी विचारलं गा?" एजंटाचा माणूस म्हणाला.

"पेन माहं हाये. कायच्यावर चालते ते पाहीन का नाही?"

मी जेठांकडे पाहिलं. "भाऊजी, तुमाले माहीत होतं?"

ते चपलेनं माती उकरत होते. "एवढ्या दुरून कोण आणते वं? आणलं तरी काय येईन? माती ते माती."

मी कागदाचे चार तुकडे केले. आमच्यात पुरतात ते दात न आलेल्या लेकराला. माझा मधुकर सव्वीस वर्षांचा होता. म्हाताऱ्यानं मशीनमध्ये कोरा कागद घातला आणि मला म्हणाला, सांगा. मी मराठीत सांगितलं, त्यानं इंग्रजीत ठोकलं: माझा मुलगा मला परत पाहिजे, पुरायला माझी ना आहे. एक प्रत कंपनीला, एक आपल्या वकिलातीला. प्रत्येक प्रत त्यानं मला मराठीत वाचून दाखवली. मग मी पूर्ण सही केली. सुनेचा अंगठा दुसऱ्या दिवशी आणून दिला.

आमचं हुडकेश्वर तेव्हा गावच होतं, बातमी आमच्याआधी घरी पोचली. संध्याकाळी जेठ पळसाच्या पानांचा भारा घेऊन आले. देह हाती येत नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, मग पुढचे विधी होतात. चाल जुनी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण पुतळा जाळला की सगळे हात झटकून मोकळे होणार होते, आणि माझा मुलगा काही पळसाचा नव्हता. भारा मी ओसरीत ठेवून घेतला आणि जेठांना घरी पाठवलं.

मग मी माहेराहून आणलेला पितळेचा बाळकृष्ण उचलला आणि पाण्याच्या गुंडात, म्हणजे हंड्यात, बुडवला. शेजारीण धावत आली.

"सुतकात देवाले हात लावते काहून वं?"

"जाळलं नाही तं सुतक कायचं?"

देवाला मी स्पष्ट सांगितलं. मधुकर घरी येईपर्यंत तू पाण्यात. दिवा नाही, फूल नाही. रोज पाणी तेवढं बदलत होते, तेही शिव्या देत. सून पाच महिन्यांची गरोदर होती. ती कुंकू पुसू देत नव्हती, नीट जेवतही नव्हती. एवढंच म्हणे, "मले एकदा तोंड पाहू द्या." जेठ रोज ओसरीत डोकावून भारा पाहून जायचे. मी तारा केल्या, एजंटाच्या दारात दिवसदिवस बसले. देव पाण्यात घातल्याच्या अठराव्या दिवशी करण्यासारखं काही उरलं नाही. त्या दिवशी पाणी बदलताना मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. म्हटलं, "माह्या हातचं होतं ते झालं. आता तुहं तू पाह्य." त्यानंतर मी कित्येक दिवसांत पहिल्यांदाच पोटभर भाकर खाल्ली.

तेविसाव्या दिवशी पेटी सोनेगावच्या विमानतळावर उतरली. सोबतच्या पाकिटात निंबाखाली टाइप केलेलं माझं पत्र होतं, परक्या लिपीतल्या शिक्क्यांनी भरलेलं. खाली माझी सही. पेटी उघडू नका, असं सगळे म्हणाले. मी उघडायला लावली. सुनेनं तोंड पाहिलं, आपल्या हातानं कुंकू पुसलं, दुसऱ्या कोणाला पुसू दिलं नाही. नाल्याकाठी त्याला आमच्या लाकडांवर जाळलं. खांदा जेठांनी दिला. मी नाही म्हटलं नाही.

मग बाळकृष्णाला पाण्यातून काढायला शेजारणीला सांगितलं, कारण आता मला सुतक होतं. माफी मी मागितली नाही. त्यानंही मागितली नाही.

पळसाची पानं तोवर वाळली होती. त्यांच्या मी पत्रावळी लावल्या, तेरवीला गाव त्याच पत्रावळींवर जेवलं. एका पत्रावळीत जेवण बांधून मी कचेरीबाहेर निंबाखाली नेलं. टायपिंगवाल्यानं मला ओळखलं नाही. "कोणत्या मावशी? रोज किती येतात," म्हणाला आणि तिथंच मांडी घालून जेवला. तो जेवेपर्यंत मी उभी होते. नमस्कार केला तो त्याला केला की आणखी कोणाला, ते मी तपासलं नाही.

लोक विचारतात, पेनात शाई संपणं ही बाळकृष्णाचीच लीला ना? मला माहीत नाही. त्याच्यापुढे मी मान वाकवली ती अठराव्या दिवशी, त्याआधी नाही. देवाची मर्जी म्हणून आधीच वाकवली असती तर त्या कागदावर सही झाली असती. तेव्हापासून रोज दिवा लावते.

फाल्गुनात सुनेला मुलगी झाली. मी, सून आणि ती, आम्ही तिघी जगलो.