धवल्यातलं नाव

मी नेरे सोडलं त्या सकाळी माझ्याआधी आईच घराबाहेर पडली. सुकापूरला हळद होती आणि आई धवलारीण, लग्नविधींची गाणी म्हणजे धवले गाणारी. आमच्या आगरी लग्नात धवलारणीनं धवला उचलल्याशिवाय कुठलाही विधी पुढे सरकत नाही, मग मुलगी परदेशी निघालेली का असेना. "वनिता, विमान तुजं, मांडव लोकांचा," असं म्हणून तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि रिक्षात बसली. तासाभरानं माझी टॅक्सी त्याच मांडवावरून गेली, तेव्हा स्पीकरवर तिचा आवाज चालू होता. मी काच खाली केली. 'आंब्याचे डालीखाली गो कोन उभी?' असं ती विचारत होती, आणि उत्तरात नवरीचं नाव घेत होती, तिच्या आईच्या नावासकट. टॅक्सी वळली तरी आवाज बराच वेळ सोबत येत राहिला.

नेऱ्यात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हा प्रत्येकीचं नाव आईनं असं गायलंय. तुमच्या मुलींचंही गायलंय. माझं तेवढं राहिलं. स्थळं येत गेली, मी नाही म्हणत गेले, आणि पुढे स्थळं यायचीच थांबली. "धवलारनीची पोर, न बिनधवल्याची," असं आत्या हसत म्हणायची. मीही हसायचे. आई हसायची नाही, ते मला दिसायचं. लग्न न केल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण आईच्या तोंडून आपलं नाव धवल्यात यायचं नाही, याचं वाटायचं. अजून वाटतं.

रॉटरडॅमला मी तेच काम करते जे उरणच्या बंदरात करायचे. समुद्र बदलला, कंटेनर तेच. इथल्या आभाळाला मात्र दुपार अशी नसतेच, सकाळ हळूहळू मळकट होत संध्याकाळ होते. अशा शनिवारी मी एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत जाते आणि जॅझ गाते. हे वाचून तुम्ही पदर तोंडाला लावणार, ठाऊक आहे. चौघांचा बँड आहे आमचा. रीत अशी की प्रत्येकानं आपल्या मुलखातलं, जॅझशी काही नातं नसलेलं गाणं आणायचं आणि सगळ्यांनी मिळून ते जॅझमध्ये आणायचं. बास वाजवणाऱ्या जोरिसनं चर्चमधलं एक गंभीर गाणं आणलं आणि त्याला असं काही डुलवलं की त्याची आजी असती तर उठून गेली असती. पियानोवाली इदालिना केप व्हर्देची. तिनं बेटावरून निघालेल्या बोटींचं गाणं आणलं. ते वाजवताना खोलीतली हवा खारट होते असं मला आपलं वाटतं.

माझी पाळी आली तेव्हा मी धवला गायला. तीन-चार सुरांचं साधं गाणं. जोरिसनं डोळे मिटले, इदालिनानं खाली अनोळखी सूर पसरले, ड्रमवर ब्रश फिरायला लागला, आणि आमच्या अंगणातली चाल धुक्यात चालल्यासारखी सावकाश चालू लागली. आम्ही ठरवलं, मी फक्त प्रश्न विचारायचा, 'कोन उभी?', आणि उत्तर प्रत्येकानं आपापल्या वाद्यावर, मनाला येईल तसं द्यायचं. एका कॅफेत ते वाजवलं तर लोक जेवायचे थांबले. मी हरखून रेकॉर्डिंग आईला पाठवलं.

 फोन केला की आई हवापाणी विचारायची, जेवलीस का विचारायची, गाण्याचं नाव नाही.  मांडवातली गोष्ट मी दारूच्या दुकानात नेली, असंच तिला वाटलं असणार, असं धरून मी चाललेले. शेवटी मीच विचारलं.

"गला बरा लागलाय तुजा," आई म्हणाली. "वाजवनारी पन गुनी हायेत. पन धवला उपाशी ठेवलास गो. कोन उभी ता इचारतेस, न नाव घेत नाय. नावाबिगर धवला सोरायचा नसतो."

"आई, इथे कुणाचं लग्न नाही. नाव कुणाचं घेऊ?"

"मानसा हायेत ना? शनवारी मना फोन लाव."

शनिवारी मी व्हिडिओ कॉल लावून फोन पियानोवर टेकवून ठेवला. आईनं डोक्यावरून पदर घेतला होता, मांडवात घेते तसा. तिनं एकेकाचं नाव विचारलं, मग त्याच्या आईचं, आणि इदालिनाच्या नवऱ्याचंही. मी भाषांतर करत होते. जोरिसनं आईचं नाव सांगितलं, बाई गेल्याच वर्षी वारली होती. आम्ही सुरू केलं. मी प्रश्न गायला आणि नेऱ्याहून उत्तर आलं, आन्नाचा जोरिस उभा. मग इदालिना, तिच्या आईच्या नावासकट, पुढच्या ओळीत तिचा नवरा, आणि मग ड्रमवाला. नावं पार आगरी होऊन येत होती आणि सुरात चपखल बसत होती. फोनवरचा आवाज किंचित उशिरा यायचा, तेवढा वेळ इदालिना सूर लांबवून धरायची.

चौथ्यांदा मी विचारलं, 'आंब्याचे डालीखाली गो कोन उभी?' बाकी कुणी उरलं नव्हतं. आई थांबली. धवल्यात मुलीचं नाव आलं की पुढच्या ओळीत नवऱ्याचं यावं लागतं, हा तिचाच नियम, आयुष्यभर पाळलेला.

"हिराबायची वनिता उभी," आई गायली. पुढची ओळ तिनं घेतलीच नाही. तेवढी जागा तिनं मोकळी सोडली आणि जोरिस तिथे हळूच बास वाजवत राहिला.

घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी नेरे सांगायचे आणि सांगताना उगाच चोरटं वाटायचं, आपण तिथल्या मोजदादीत नाही म्हणून. त्या शनिवारनंतर तसं वाटत नाही. मला पुढचं काही गाताच येईना, डोळ्यांपुढे सगळं पाणी. वाद्यं थांबली, खोली शांत झाली.

"आवाज येत नाय गो," फोनमधून आई ओरडली. "हायस ना?"

"हाय," मी म्हटलं. "हाय, आई."