जळालेल्या स्पीकरचं खापर

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवायचं माझं दुकान आहे. मागच्या बाजूला जळक्या स्पीकरने भरलेला एक पिंप आहे, आणि त्यातल्या प्रत्येक स्पीकरचा एक किस्सा आहे. लोक म्हणतात लिहून काढ, मजा येईल. मजा त्यांना येते हो! इंजिन बसलं तर माणूस निदान म्हणतो की ऑईल बघायचं राहिलं. स्पीकर जळला की मात्र सरळ दुकानाचं नाव घेतो.

* * *

किहीमला बंगला असलेले एक साहेब ऑनलाइन मागवलेला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. खोक्यावर छापलेलं, तीन हजार वॅट. मी त्यांना अ‍ॅम्पचा फ्यूज दाखवला. वीस अँपिअरचा. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. गुणाकार करा, अडीचशेही भरत नाहीत, मग तीन हजार येणार कुठून? तुमचा सबवूफरच पाचशे मागतो, याच्यावर तो लावू नका.

साहेब हसले. कंपनी कशाला खोटं लिहील, म्हणाले. दुसरीकडून बसवून घेतला, सगळी बटणं फुल्ल फिरवली आणि आठवड्यात सबवूफरचा कॉइल जाळला. मग इंटरनेटवर रिव्ह्यू टाकला, तोही माझ्या दुकानाला! एक स्टार. ‘दुकानदार निगेटिव्ह बोलतो.’

जे मी बसवलंच नाही, त्याचा एक स्टार मला.

* * *

हायस्कूलात विज्ञान शिकवणाऱ्या सरांचं उलटं. स्पीकर चांगले दणकट घेतले आणि अ‍ॅम्प मुद्दाम एवढासा मागितला. का, तर स्पीकरवर ताण नको. मी परोपरीने सांगितलं, सर, छोट्या अ‍ॅम्पला बेंबीच्या देठापासून ओरडायला लावलं की त्याचा आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजाने ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जळतो. अ‍ॅम्पमध्ये थोडी ताकद शिल्लक राहायला हवी. स्पीकरच्या मागे आरएमएस, म्हणजे त्याला सतत झेपणारे वॅट, लिहिलेले असतात, तो आकडा बघून जोडी जमवायची.

सरांनी मला खडू न घेता अर्धा तास ऊर्जेचा धडा शिकवला. कमी ऊर्जेने जास्त नुकसान होऊच शकत नाही, हे दोनदा सांगितलं.

पंधरा दिवसांनी दोन्ही ट्वीटर खिशात घालून हजर. मला वाटलं, आता तरी चूक कबूल करतील. सर म्हणाले, “तुझ्या दुकानातल्या मालाला विज्ञान लागू होत नाही.”

हेच वाक्य त्यांनी स्टाफरूममध्येही ऐकवलं. चौलपर्यंत बोभाटा झाला की याच्याकडचे स्पीकर जळतात. महिनाभर बोहनीला तरसलो. संताप येईल नाही तर काय!

* * *

हिरामावशींचा मासळीचा टेम्पो आहे, आणि त्यांना गाण्याशिवाय करमत नाही. मी दोन स्पीकर बसवून दिले होते. त्यांनी कुठल्यातरी वायरमनकडून त्याच वायरींवर आणखी चार जोडून घेतले. दोघांना पुरणारा अ‍ॅम्प सहा जणांना ओढू लागला. तापायचा, बंद पडायचा.

मावशी माझ्याकडे आल्या, तेव्हा अ‍ॅम्पमधून खारं पाणी ठिबकत होतं. हे काय, म्हणून विचारलं. अगदी शांतपणे म्हणाल्या, “तापला म्हनून बर्फात ठेवला. मावरा दोन दिस टिकतो, हा का न्हाय टिकनार?”

आणि वर वॉरंटी मागितली.

* * *

मोरेश्वरदादांचे सहा ट्रक आहेत, आणि आजूबाजूच्या गावांत त्यांच्याशिवाय कुणाच्या लग्नाची हळद लागत नाही. त्यांनी नावं ठेवली, की दुकान बंदच करायचं. म्हणून त्यांच्या नव्या गाडीचं काम मी जीव ओतून केलं. अ‍ॅम्पने आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा गेनचा स्क्रू मीटर लावून सेट केला, आणि त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकला. आमच्या धंद्यात हेच सील. स्क्रू फिरवला की थेंब तुटतो, आणि थेंब तुटला की वॉरंटी गेली. दादांनाही हे नीट समजावून सांगितलं.

एका हळदीला रात्रभर गाणी वाजवून दुसऱ्या दिवशी दादा हजर. चारही स्पीकर जळालेले. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली, त्यांच्यासमोर आवाज चढवून म्हणाले, “सील जसाचा तसा हाय. आता तूच बोल, गलती कोनाची?”

मी डिकीत वाकून बघितलं. थेंब खरंच शाबूत होता. इतकी वर्षं लोकांवर चिडलो, आणि या वेळी चूक माझीच? सगळ्यांसमोर माफी मागितली, नव्या स्पीकरचा खोका उघडायला घेतला. मग मनाचं समाधान होईना म्हणून मोबाइलचा टॉर्च मारून पुन्हा बघितलं.

मी लावतो ते नेलपॉलिश मरून रंगाचं. हा थेंब गुलाबी होता, आणि चमकत होता.

मी दादांना फक्त एवढंच विचारलं, की हा रंग कुठला. पुढच्या सीटवर वहिनी बसल्या होत्या. त्यांनी काच खाली केली आणि नवऱ्याला म्हणाल्या, “मी बोललेली ना, आधी कलर बघून या.”