राजाचा मुलगा

चहाची ओली टीबॅग सिंकमध्ये टाकली की तिच्या वासानं मला आमचं नॉटिंगहॅममधलं पहिलं किचन आठवतं. मुलीला शाळेसाठी पिरॅमिड करायचा होता. पुठ्ठ्याच्या भिंती जुन्या दिसाव्यात म्हणून आम्ही दोघं त्यांच्यावर लावायचे कागद टीबॅग फिरवून रंगवत होतो. त्याच आठवड्यात पुण्यात माझे वडील गेले होते. व्हिसाच्या रिन्यूअलला दिलेला पासपोर्ट काही केल्या परत मिळत नव्हता, त्यामुळे चुलतभावानं त्यांच्या तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घातलं ते मी फोनवरच पाहिलं. मुलगीही माझ्या मांडीला टेकून बघत होती. कागद वाळायला ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाबा, मिस म्हणाली, इजिप्तमध्ये राजा मेला की त्याचा मुलगा येऊन त्याचं तोंड उघडतो. नाहीतर राजाला तिकडे जेवता येत नाही." मी पुढचा कागद ओढला. "पण आजोबांचा मुलगा तर तू आहेस ना?" मी टीबॅग पिळत राहिलो, पार कोरडी पडली तरी. आता पासपोर्ट घरातच, खणात असतो. हवं तेव्हा पुण्याला जाता येतं. ज्याच्यासाठी जावं असं तिथे कोणी उरलेलं नाही.