आश्विन सरला की

बाळापूरबाहेर आम्ही एक मळा वर्षाच्या भाड्यानं घेतला होता. दोन खोल्या, एक विहीर आणि झेंडूपुरती काळी जमीन. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा, कागदाला कागद लागायचा, पण आमचं सगळं तोंडी. मालक बोलणी करायला आला त्या दिवशी नवरा अकोल्याच्या बाजारात गेला होता. मीच पदर सावरून दारात उभी राहिले.

"भाडं आश्विन सरला की देजा," मालक म्हणाला.

"देऊ," मी म्हणाले, आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले. दिवाळीचा झेंडू विकून हातात पैसे येतात तेव्हाच आश्विन सरतो. याहून सोयीची मुदत कोणती? नवऱ्यालाही पटलं.

दसऱ्याची फुलं बरी गेली. त्या पैशांतून आम्ही मोटेला नवं चामडं आणलं, कारण दिवाळीच्या बहराला पाणी कमी पडून चालणार नव्हतं. कोजागिरी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मालक दारात हजर.

"आश्विन सरला, बाई. भाडं आना."

मला वाटलं, थट्टा करतोय. "काहून गंमत करता, मालक? अवस व्हायले अजून पंधरा दिवस हायेत."

"अवसेचं काय काम? काल पुनव झाली, आश्विन सरला. आजपासून कार्तिक."

त्याचा आजा उत्तरेकडून आलेला. त्यांच्या घरी महिना पुनवेला संपतो आणि आमच्या घरी अवसेला, हे मला त्या दिवशी कळलं. मालक इथंच जन्मला, आमच्यासारखंच बोलायचा, पण महिना मात्र आज्याचाच धरून बसला होता. नवऱ्यानं हात जोडले. मालकानं ऐकून घेतलं, मग विहिरीवर जाऊन मोटेचा दोर सोडला आणि वेटोळं करून खांद्यावर टाकला. दोर त्याचाच होता.

"पैसे आना, दोर न्या," म्हणाला आणि गेला.

आम्ही देवळातल्या गुरुजींकडे धावलो. त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं आणि सांगितलं, दोघांचंही बरोबर आहे. मला असा संताप आला की पायाही न पडता मी बाहेर आले. दोघांचं बरोबर, मग झेंडूनं काय घोडं मारलं होतं?

दोराविना मोट चालेना आणि नवा दोर घ्यायला पैसे उरले नव्हते. नदी पाव कोसावर. दोघं घागरींनी पाणी आणून वाफ्यांत ओतायचो. वरून ऊन असं की ओल दुपारपर्यंत टिकायची नाही. तिसऱ्या दिवशी घागर उतरवता उतरवता नवरा म्हणाला, "तुनं इचारलं काहून नाई, कोनता आश्विन?"

असं कोण विचारतं? मी रिकामी घागर उचलून नदीकडे वळले, आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला.

दिवाळीला फुलं आली ती बटणाएवढी. अर्धंच भाडं जमलं. पाडव्याला मालक स्वतः आला.

"आता तुमचाबी सरला," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. अर्धं भाडं त्यानं घेतलं, उरलेल्यापायी मोटेचं नवं चामडं ठेवून घेतलं आणि मळा सोडायला सांगितलं. लबाड असता तर मी त्याला पोटभर शिव्या दिल्या असत्या. तो लबाड नव्हता, म्हणून तो राग आजही माझ्याकडेच पडून आहे.

हिवरखेडला दुसरा मळा मिळाला. तिथल्या मालकानं मुदत विचारली, तेव्हा मी महिन्याचं नावच काढलं नाही.

"झेंडू इकला की देऊ."

"अन् नाई इकला तं?"

मागून नवरा पुढं आला. पंधरा-वीस दिवसांत त्याचा आवाज मी ऐकला नव्हता.

"तं आमी जाऊ," तो मालकाला म्हणाला, पण बघत होता माझ्याकडे.

मी आत जाऊन गाठोडी सोडायला घेतली. चुलीपुरतं सामान काढलं आणि बाकीचं तसंच बांधलेलं ठेवलं.