कोमट हवा

मोहिनीच्या हातांना कोरडेपणाची पारख लहानपणीच आली. नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर आईसोबत तिची शाळा सुटल्यानंतरची वेळ जायची. मिरची कानाशी हलवायची. आतलं बी खुळखुळलं तर पोत्यात, नाहीतर परत उन्हात. ओल राहिलेली मिरची काळी पडते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

पुढे ती गावाबाहेरच्या गोळ्यांच्या कारखान्यात लागली. बरीच वर्षं पॅकिंग, मग कोटिंगचा पॅन. पॅन म्हणजे स्टीलचं मोठं फिरतं भांडं. त्यात गोळ्या घोळत राहतात, वरून द्रावणाचा फवारा बसतो आणि गरम हवेनं वाळतो. पॅनवर बाई ही पहिलीच. चंदन, तिथला जुना ऑपरेटर, म्हणायचा की आता गोळ्याही भाकरीसारख्या थापून निघतील. ती हसायची नाही, रागवायचीही नाही.

श्रावणात नवं काम आलं, जिवंत जिवाणूंच्या गोळ्यांचं. वेष्टन जठरातल्या आम्लात टिकायचं आणि आतड्यात सुटायचं, म्हणजे पोटाला उपयोगी ते जिवाणू तिथवर जिवंत पोचतील. सुपरवायझर धर्मेंद्र सरांनी बजावलं होतं, हवा कोमटच ठेवायची. ही बॅच नीट उतरली तर पॅन कायमचा मोहिनीकडे, नाहीतर परत पॅकिंग.

त्या दिवशी झड लागली होती. कोमट हवेत फवारा वाळेना, गोळ्या एकमेकींना चिकटू लागल्या. मोहिनीनं एक गोळी बोटांत फिरवली. ओल होती. तिनं हवा चढवली. गोळ्या सुटल्या, गुळगुळीत झाल्या. चंदन वाकून बघून गेला.

लॅबमध्ये जिवाणू बशीत वाढवून बघायचे, त्याला वेळ लागणार होता. मोहिनीला राहवेना. टवके उडालेल्या दोन गोळ्या रुमालात बांधून ती घरी आली आणि यांचं दही लागेल का, असं तिनं सासूला विचारलं. शांतीबाईंनी गोळ्या कुटल्या, करंगळी बुडवून दूध कोमट असल्याचं पाहिलं आणि विरजण लावलं. सकाळी त्यांनी झाकण काढलं.

"दूध तं दूधच शे," त्या म्हणाल्या. "मरेल विरजण लई उनी तू. नहीतं दूध ऊन ऱ्हायनं तरी असंच व्हस."

मेलेलं विरजण, नाहीतर गरम दूध; मोहिनीला आपण चढवलेली हवा आठवली आणि ती चहा न पिताच निघाली.

दह्याचं ऐकून धर्मेंद्र सर हसले. सगळेच जिवाणू दही लावत नाहीत, लॅबचं येऊ द्या, म्हणाले. गोळ्या घरी नेल्या म्हणून रागावलेही. मग तिनं हवेचं सांगितलं.

"किती चढवली?"

"रोजच्या गोळ्यांना ठेवते तेवढी."

"मोहिनीताई, बजावलं होतं ना?"

"ओल होती, सर."

लॅबनंही शांतीबाईंसारखंच सांगितलं. गोळ्या देखण्या होत्या आणि आत जवळजवळ काहीच जिवंत नव्हतं. बॅच नष्ट झाली. मोहिनी पॅकिंगच्या टेबलावर परत आली, खुर्ची ओढून बसली आणि डब्यांना झाकणं लावू लागली.

दुसरी बॅच चंदनकडे गेली. झड चालूच होती, त्याच्याही गोळ्या चिकटू लागल्या. तो हात पुसत पॅकिंगमध्ये आला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या हातानं काय केलं ते माहीत आहे. ते सोडून काय करू?"

त्यावर मात्र ती हसली. हवेला हात लावू नको, फवारा कमी कर, असं तिनं सांगितलं. तासाभराच्या कामाला अख्खी दुपार गेली. दोघं आळीपाळीनं पॅनपाशी उभे होते आणि गोळी चाचपून हवा चढवायचा मोह नको म्हणून मोहिनीनं आपला उजवा हात ओढणीत गुंडाळून ठेवला होता.

ती बॅच जिवंत निघाली. पॅन चंदनकडेच राहिला. जिवाणूंचं काम असलं की सर मोहिनीला टेबलावरून उठवतात, इतकंच.

त्या बॅचच्या फुटक्या गोळ्या सरांनीच कागदात बांधून दिल्या. या वेळी दही घट्ट लागलं. शांतीबाईंनी बोटानं चाखून पाहिलं.

"दही व्हयनं. पन हाई आपलं नही."

संध्याकाळच्या दुधाला त्यांनी नेहमीचं विरजण लावलं.