चिठ्ठ्या तपासणारे सर

परीक्षेत कॉपी करणारा मुलगा सापडू नये म्हणून त्या मुलापेक्षा जास्त काळजी घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे सांगलीच्या कॉलेजातले आमचे इतिहासाचे सर. पर्यवेक्षणाच्या दिवशी ते तळव्यात बिया घालून शिवलेल्या वहाणा घालून येत, म्हणजे करकर दोन दालनं आधी ऐकू जावी. शिवाय दाराशी येऊन खोकत. "चोर पकडायला पोलीस आहेत. मास्तरानं चोरी होऊ देऊ नये, एवढंच," असं ते म्हणत. इतकं करूनही एखादा सापडलाच, तर त्याची चिठ्ठी लाल पेन्सिलीनं तपासत. एकाला त्यांनी दुःखानं सांगितलं होतं, "अरे, साल्हेरची लढाई तू पुरंदरच्या तहाआधी घातलीस. या चालू महायुद्धापायी कागद मिळत नाही, आणि जो मिळतो त्यावर तुम्ही हे लिहिता!"

वसतिगृहात माझ्या खोलीत मेढ्याकडचा एक मुलगा होता. माझ्यासारखाच घरातून कॉलेजात आलेला पहिला. सहामाहीला इतिहासाच्या पेपरात त्यानं पटक्याच्या घड्यांत चिठ्ठ्या खोवल्या आणि उत्तर आठवेना की डोकं खाजवू लागला. नेमके प्रिन्सिपॉल फेरीवर आले. ते गरजले, "उतरवा याचा पटका!"

पोरग्यानं दोन्ही हातांनी पटका धरला. "आवं सर, पटक्याला हात नका लावू. गावात तोंड दाखवता यायचं न्हाई."

पर्यवेक्षणाला सरच होते, ते मध्ये उभे राहिले. "साहेब, हा याच्या बापानं बांधून पाठवलाय. चारचौघांत मी तो सोडणार नाही."

त्यांनी त्याला शेजारच्या रिकाम्या वर्गात नेलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यानं आपल्या हातानं पटका सोडला, चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा बांधला. सरांनी मग वळून चिठ्ठ्या तपासल्या. पेपरला शून्य दिलं.

प्रिन्सिपॉल त्याला कॉलेजातून काढायला निघाले होते. सर म्हणाले, "काढा. उद्या हा औत धरील. पण त्याच्या गावातला दुसरा बाप पोराला इकडे पाठवायचा नाही." शेवटी पोरगा सरांच्या जबाबदारीवर राहिला. वार्षिक परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी सर त्याला घरी बोलावून त्याच चिठ्ठ्यांतला मजकूर तोंडी विचारत. मित्र परत येऊन खाटेवर पडे. "गड्या, काढलं असतं तर सुटलो असतो रं. लय पिळत्यात!"

इतिहासात तो काठावर पास झाला. आम्ही पेढे घेऊन गेलो तेव्हा सरांनी गुणपत्रक उजेडात धरून पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "हे गुण याचेच. लबाडीनं इतके कमी पडत नाहीत."

पुढे तो मेढ्याला शाळामास्तर झाला. सर वारल्याची तार मी त्याला केली, पण तो आला नाही. मला राग आला होता. दिवाळीत भेटला तेव्हा मी तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तार आली तवा पोरं पेपर लिहीत व्हती. त्यांना तशीच सोडून आलो असतो, तर सरांना आवडलं नसतं."