‘मेली’ हे स्पॅनिशमध्ये कसं सांगायचं

बायको गेली तेव्हा मला स्पॅनिशमधलं ‘ओला’ येत होतं, म्हणजे नमस्कार, आणि ‘आदिओस’ येत होतं, म्हणजे ठेव आता फोन. दोन्ही तिनेच शिकवलेले, तेही चिडून. "नात समोर आली की खांबासारखे बसता. तोंड उघडा काहीतरी." मी म्हणायचो, तू आहेस ना बोलायला. ती म्हणायची, "तुम्हाला मराठीत बोलायला जमलं नाही, तिथे स्पॅनिश कुठून जमणार."

आमचा मुलगा जहाजावर स्वयंपाकी होता. स्पेनच्या एका बंदरात उतरला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि तिथल्याच एका हॉटेलच्या भट्टीपाशी उभा राहिला. त्यांची मुलगी आता सात वर्षांची आहे. तिला मराठी येत नाही, हिंदी येत नाही. मुलाला विचारलं तर म्हणतो, "बाबा, घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते. शिकवू कधी?" बरं. झाशीतच आमच्या लोकांची पोरं मराठी ऐकून घेतात आणि उत्तर हिंदीत देतात. मग तिकडच्या पोरीवर काय रागवायचं.

बायकोने रागवण्याऐवजी शिकायला घेतलं. मोबाईलमध्ये एक बाई शिकवायची. हिने वस्तूंची नावं सोडून दिली आणि फक्त क्रियापदं धरली. म्हणायची, वस्तू दाखवता येते, करणं सांगावं लागतं. लाडू कॅमेऱ्यासमोर धरायची आणि म्हणायची ‘कोमेर’, खाणे. पेला धरून ‘बेबेर’, पिणे. हातावर गाल टेकून ‘दोर्मिर’, झोपणे. क्रियापद बदलायचं कसं ते तिला येत नव्हतं. आजी खाणे, तू खाणे, बाबा झोपणे, असंच चालायचं. पोरगी हसून हसून खुर्चीवरून खाली यायची आणि मग स्वतःही तसंच मोडकं बोलायची. अर्धा-अर्धा तास चालायचं ते. मी बाजूला चहा पीत बसायचो.

मागच्या पौषात ती न्हाणीघरात पडली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त उतरलंय. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही. मुलगा विमानाने आला. ओरछ्याला बेतवेत अस्थी सोडल्या, दिवसवार झाले, तो परत गेला. सून आणि नात आल्या नव्हत्या. पोरीची शाळा होती.

बायकोचा फोटो मी बाहेरच्या खोलीत लावला. चंदनाचा तो कायमचा हार असतो तो मला नको होता. त्यावर धूळ बसते आणि माणसं विसरतात. मी रोज सकाळी लक्ष्मी गेटाशी जाऊन झेंडूचा ताजा हार आणतो. फोटोला घालतो, पुढे निरांजन लावतो. आणि रविवारी त्याच फोटोखाली बसून फोनवर बोलतो. मोबाईल उभा करायला तीच जागा बरी आहे.

बोलतो कसलं. पोरगी यायची, ‘ओला’ म्हणायची, मी ‘ओला’ म्हणायचो. मग ती काहीतरी विचारायची आणि मुलगा मला सांगायचा, "बाबा, विचारते, गुडघा कसा आहे?" मी म्हणायचो, बरा आहे म्हणावं. पोरगी इकडे तिकडे बघायची आणि उठून जायची. पुढच्या रविवारी पुन्हा गुडघा. एवढी काळजी माझ्या गुडघ्याची मलाही कधी नव्हती. मला दिसत होतं, काही महिन्यांत ती फोनवर यायचीच बंद होणार. लहान पोर खांबाशी किती दिवस बोलेल?

म्हणून मी शिकायला बसलो. मोबाईलमधली बाई फार भराभर बोलते, माझे डोळेही अधू झालेत. पण लक्ष्मी गेटामागे एक गाईड राहतो. दिल्लीच्या गाडीतून स्पेनचे लोक उतरतात, त्यांना तो ओरछ्याला नेतो, तिथून खजुराहोला. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात रुमाल, बोलणं असं की किल्ला यानेच बांधला. गाडी यायच्या आत तो चहाच्या टपरीवर बसतो. मी त्याला गाठला.

"काय कक्का," तो म्हणाला, "ई उमर में परीक्षा देने का?"

"परीक्षा ही समझ. तू सिर्फ क्रिया बता. खाना, पीना आता है. आगे का बता."

त्याची क्रियापदं सगळी त्याच्या धंद्याची. ‘मिरार’, बघा. ‘सुबिर’, चढा. ‘एन्त्रार’, आत या. ‘एस्पेरार’, वाट बघा. ‘बोल्बेर’, परत येणे. हे शेवटचं त्याला फार लागायचं, कारण पाहुण्यांना गाडीत बसवून तो पान खायला पळायचा आणि जाताना ओरडायचा, ‘ब्वेल्बो प्रोंतो!’ म्हणजे आलोच लवकर. मला ते पाठ झालं. मी विचारलं, रडणे कसं म्हणायचं?

"कक्का, टूरिस्ट रोता नहीं, शिकायत करता है. वो चाहिए तो बताओ."

मी सातवी शिकलेला माणूस. वहीत लिहिलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. रेल्वेच्या कारखान्यात उभी हयात गेली. तिथे वॅगनचं जे काम निघेल ते आम्ही खडूने वॅगनवरच लिहायचो. घरीही तसंच केलं. दारावर ‘एन्त्रार’ लिहिलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ‘सुबिर’. पलंगाच्या पट्टीवर ‘दोर्मिर’. तिचं ताट मी वापरत नाही, पण ते फडताळात जिथे असतं तिथे फळीवर ‘कोमेर’ लिहिलं. सकाळपासून घरभर वाचत हिंडायचो. दुसरं काम काय होतं मला?

उन्हाळा लागला होता. एका रविवारी पोरगी आली, ‘ओला’ झालं, आणि तिने नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी तो मला कळला. ती म्हणाली, "क्वांदो ब्वेल्बे आजी?"

पहिला शब्द माहीत नव्हता. पण दुसरा गाईडचा होता, परत येण्याचा, आणि तिसरा आमच्या घरचा.

मुलगा तिच्या मागून म्हणाला, "प्रोंतो, प्रोंतो." आणि मला मराठीत म्हणाला, "विचारते, गुडघा कसा आहे."

मी म्हणालो, "स्पॅनिशमध्ये गुडघ्याला आजी म्हणतात का रे?"

त्याचा चेहरा उतरला. पोरीला काहीतरी सांगून त्याने बाहेर पाठवलं.

"काय सांगून ठेवलंयस तिला?"

"गावाला गेलीय म्हणून."

"कुठल्या गावाला?"

"गुरसरायला. माहेरी."

"तिथे आता कोण उरलंय तिचं? आयुष्यात कधी चार दिवसांवर माहेरी राहिली नाही ती. आता पौषापासून राहिलीय?"

"तिला काय ठाऊक, बाबा. लहान आहे ती. इकडे पोरांना असं एकदम सांगत नाहीत. तिची आईपण म्हणते, थोडं थांबू."

"अरे, मागे फोटो आहे. फोटोला हार आहे, पुढे दिवा आहे. पोर आंधळी आहे का?"

तो खाली बघत म्हणाला, "तिला वाटतं, आजीचे लाड चाललेत. शाळेत सांगते, माझ्या आजोबांचं आजीवर इतकं प्रेम आहे की रोज ताजी फुलं आणतात. ती आली की तिला दाखवायला."

आमच्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला कुणी चुकून हार घातला तर घरात मारामारी होईल. हार पाहिला की दारात आलेला पोस्टमनसुद्धा आवाज खाली आणतो. जगात कुणाला हे सांगावं लागत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी दर रविवारी त्या पोरीला तिच्या आजीचं मरण दाखवत बसलो होतो, आणि ती पलीकडे सण बघत होती.

"तू सांग," मी म्हणालो.

"आत्ता नाही."

"मग मी सांगतो."

"तुम्हाला येत नाही, बाबा."

"शिकतो."

मला ते का हवं होतं ते सांगतो. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, नंतर एकेक करून सगळे पांगले. आता शेजारीपाजारी विचारतात, जेवण झालं का, बिल भरलं का, औषध घेतलं का. तिचं नाव कुणी काढत नाही. काढलं तर म्हातारा रडेल अशी भीती. मुलगाही काढत नाही. सगळ्या जगात एकच माणूस दर रविवारी तिची चौकशी करत होतं, आणि मी त्या माणसाला गुडघ्याची हकीकत पाठवत होतो.

सोमवारी गाईडला म्हणालो, मरना बता.

"मोरिर," तो म्हणाला. "मर गया, मर गई, ‘मुरिओ’. छतरियों पे रोज बोलत. राजा मुरिओ, रानी मुरिओ." छतरिया म्हणजे ओरछ्याच्या राजांच्या समाध्या. मग त्याने चष्मा काढला. इतक्या दिवसांत त्याचे डोळे मी पहिल्यांदा पाहिले. "काय के लाने चाहिए कक्का?"

कशासाठी हवं ते मी सांगितलं. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "राजा-रानी के लाने बोलना और बात है. घर के आदमी के लाने हमने कभी नईं बोला." आणि मला पोहोचवायला घराच्या गल्लीपर्यंत आला.

रविवारी फोन आला तेव्हा मुलगा स्वयंपाकघरात होता. भांड्यांचा आवाज येत होता. पोरगी एकटीच समोर होती, दात पडलेला. तिने विचारलं, "क्वांदो ब्वेल्बे आजी?"

मी म्हणालो, "आजी नो ब्वेल्बे."

ती हसली. माझ्या मागे फोटोकडे बोट दाखवलं, "फ्लोरेस!" म्हणाली. फुलं.

"नो," मी म्हणालो. पुढे वाक्य येत नव्हतं. मग तिच्या आजीसारखंच बोललो, दुसरं काय होतं माझ्याकडे. "आजी नो कोमेर. नो बेबेर." ती हसत होती. मी हातावर गाल टेकला. "नो दोर्मिर." झोपत पण नाही, हे ऐकल्यावर तिचं हसू थांबलं. मी म्हणालो, "आजी मुरिओ."

शब्द तोंडातून गेला आणि भांड्यांचा आवाज बंद झाला. मुलगा ओले हात घेऊन दारात उभा. पोरगी वळली आणि तिने त्याला काहीतरी विचारलं. तो तिच्याकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. मान मात्र हलवली. मग ती एवढंसं पोर त्याच्यावर ओरडली. ओरडण्यातला शेवटचा शब्द मला ऐकू आला, ‘मेंतिदो’. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी गाईडला विचारलं. तो म्हणाला, झूठ. तूने मुझसे झूठ बोला, ऐसा. "किसने किससे बोला कक्का?"

त्यानंतर दोन रविवार फोन वाजला नाही. मी हार आणत होतो, दिवा लावत होतो, वेळेवर तिथे बसत होतो. खडूचे शब्द मी ओल्या फडक्याने पुसून टाकले. कुणाशी बोलायचं होतं?

मग मधल्याच एका वारी दुपारी फोन आला, चेहरा न दिसणारा, नुसत्या आवाजाचा. मुलगा हॉटेलच्या मागच्या बोळात उभा असावा. मागे पंख्याची घरघर चालू होती. मला वाटलं, आता शिव्या देतो. त्याने शिव्या दिल्या नाहीत.

"बाबा," तो म्हणाला, "मी येऊन तुमच्याबरोबर सगळं केलं. हाडं वेचली. परत आलो तर ही दारात उभी, म्हणाली, आजी कशी आहे? माझ्या तोंडून निघालं, बरी आहे. मग रोज सकाळी शाळेत जाताना विचारायची. आजी काय खाते, आजी कधी येते. मी सांगत गेलो. गुरसरायला आहे, लोणचं घालतेय, विहिरीवर गेलीय." मग म्हणाला, "जगात फक्त या पोरीच्या खोलीत आई अजून जिवंत होती, बाबा. ती पण तुम्ही काढून घेतलीत."

मी म्हणालो, "पोरगी कशी आहे?"

"तुमच्यावर गेलीय. बोलत नाही."

"तिला सांगायलाच हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "हवं होतं." आणि ठेवला.

मला अजूनही वाटतं, सांगायलाच हवं होतं. पण त्या दिवशी मी फोटोकडे पाठ करून बसलो. आपला मुलगा तिकडे परक्या मुलखात काय धरून बसला होता, हे मला बाप असून ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, रडणारा मी एकटाच.

पुढच्या रविवारी फोन वाजला. या वेळी दोघं एका खुर्चीत होते, ती त्याच्या मांडीवर. त्याने दाढी केली नव्हती. ‘ओला’ झालं नाही. पोरीने माझ्याकडे बघत बरंच काही विचारलं. मला त्यातलं एकही क्रियापद ओळखू आलं नाही.

"काय म्हणते?"

मुलाने या वेळी काही बदललं नाही. "विचारते, आजीला कुठे ठेवलं. कुणी उचललं. तिला दुखलं का."

"तू होतास ना तिथे," मी म्हणालो. "तू सांग."

तो सांगू लागला. हळू बोलत होता. मध्ये ‘बेतवा’ ऐकू आलं, ‘ओरछा’ ऐकू आलं, बाकी मला कळायचं कारण नव्हतं. पोरगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. एका जागी तो अडकला. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. पोरीने थोडी वाट पाहिली आणि मग दोन्ही हातांनी त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

मी फोन हातात घेतला आणि सरळ धरून बसून राहिलो.